सुटलेला ताबा

पावसाळा लागला कीं नगरच्या वृत्तपत्रांतून एक वाक्य पुन्हा पुन्हा छापून येऊं लागतें. गांवाचें नांव बदलतें, गाडीचा प्रकार बदलतो, मृतांची संख्या बदलते, वाक्याचा सांगाडा मात्र तोच : “चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्यानें हा अपघात घडला.” नगर शहर (2024 पासून त्याचें नांव अहिल्यानगर) ओलांडून मनमाडकडे जाणारा रस्ता ज्या सावेडींतून जातो, तेथील वाचकाला तर हें वाक्य इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्यानें आपणांस कांहीं तरी कारण सांगितलें असा त्याचा समज होतो. वस्तुतः त्यानें कारण सांगितलेलें नाहीं. फक्त एक मनुष्य दाखवून दिला आहे. ताबा सुटला असें म्हणावयाचें, तर तो आधीं त्या मनुष्याच्या हातीं होता हें गृहीत धरावें लागतें. तें गृहीत खरें आहे काय?

‘ताबा’ हा शब्द मुळांत सडकेवरचा नव्हेच. अरबीतून फारसीच्या वाटेनें तो आपल्या दफ्तरांत आला. मागून चालणारा, आज्ञेंत असणारा, असा त्याचा मूळ भाव. ताबेदार आणि ताबेगहाण हे त्याचे भाऊबंद. जमिनीचा ताबा, किल्ल्याचा ताबा, कैद्याचा ताबा, अशा ठिकाणीं तो शोभतो, कारण तेथें धनी एक आणि वस्तु एक असते, व वस्तु गेली तर जाब कोणाला विचारावयाचा हें निश्चित असतें. मोटारीच्या बाबतींत आपण हाच शब्द उचलला आणि त्याबरोबर त्याचा न्यायही उचलला. परंतु ओल्या सडकेवर धांवणाऱ्या मोटारीचा धनी एक नसतो, असें तिचा इतिहास सांगतो. त्या इतिहासांतील कांहीं टप्पे येथें पाहावयाचे आहेत.

महाराष्ट्रानें ओल्या रस्त्याचा प्रश्न शतकानुशतकें एकाच रीतीनें सोडविला : त्या रस्त्यावर जावयाचेंच नाहीं. संन्याशानें चातुर्मासांत एका जागीं राहावें, फौजेनें छावणी करावी, व्यापाऱ्यानें माल आधींच पोंचता करावा, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून सर्वांनीं पुन्हा वाटेला लागावें. या व्यवस्थेंत धर्म किती आणि भूगोल किती हें ठरविणें कठीण आहे. आमच्या मतें भूगोल बराच असावा. दख्खनची काळी माती उन्हाळ्यांत दगडासारखी तडकते, आणि चार सरी पडल्या कीं तीच माती गाडीचें चाक आंसापर्यंत गिळते. अशा भूमीवर चार महिने वाहन न हांकणें यांत आळस नव्हता, अनुभव होता.

या नियमाला नगरच्याच इतिहासांत एक मोठा अपवाद आढळतो. 1803 सालीं आर्थर वेलस्ली यानें 8 ऑगस्टला नगरची पेठ चढून घेतली आणि 12 ऑगस्टला किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. हा भर पावसाळा. वेलस्लीनें पावसाळा टाळला नाहीं. उलट तो आपल्या बाजूचा मानला. नद्या भरल्या म्हणजे मराठी घोडदळाची चपळाई संपते, आणि आपल्याजवळ मात्र नद्या उतरण्याचीं साधनें तयार आहेत, असा त्याचा हिशेब होता. ओल्या भूमीवर कोणाची हुकमत चालेल हें शौर्यापेक्षां आगाऊ तयारीवर ठरतें, हा धडा नगरनें मोटार येण्यापूर्वीं शंभर वर्षें असा किंमत देऊन घेतला.

पुढें 1878 सालीं धोंड–मनमाड लोहमार्ग झाला आणि नगरचा माल पावसाळ्यांतहि हलूं लागला. आगगाडीनें ओल्या जमिनीचा प्रश्न सोडविला असें आपण म्हणतों. खरें पाहतां तिनें तो टाळला. आगगाडीला सुकाणू नसतें. कोणीकडे जावयाचें हें रुळांनीं आधींच ठरविलेलें असतें, चालकाकडे फक्त चालणें आणि थांबणें उरतें. बैलगाडीचीहि गोष्ट निराळ्या अर्थानें अशीच. गाडीची दिशा बैलांच्या पायांत असते. चाक बिचारें केवळ भार वाहतें. म्हणूनच उतारावर चाक मुद्दाम बांधून किंवा अडवून त्याला घसरत नेणें हा जुन्या गाडीवानांचा राजमान्य उपाय होता. इंग्रजींतील ‘स्किड’ हा शब्द आज आपण घसरणें या अर्थीं वापरतों. पण मूळचा स्किड म्हणजे उतारावर चाकाखालीं सरकवावयाचा लोखंडी किंवा लांकडी जोडा. चाक अडवून गाडी आवरण्याच्या साधनाचें नांव पुढें गाडी अनावर होण्याला मिळालें! शब्दाचा हा उलटा प्रवास कसा झाला हें समजलें म्हणजे मोटारीचें सगळें दुखणें समजतें.

मोटारीनें बैल काढून घेतले आणि दिशा देण्याचें काम चाकांवर टाकलें. आतां चाक एकाच वेळीं भार वाहतें, पुढें ढकलतें, थांबवितें आणि वळवितें. तें फिरत राहिलें तरच वळवूं शकतें. तें अडलें कीं गाडीवानाचा जुना उपाय नव्या गाडीचा घात करतो.

पहिल्या पिढीच्या मोटारवाल्यांना हें लवकरच कळून चुकलें. लंडनच्या लांकडी फरसबंदीवर आणि गुळगुळीत डांबरावर घोड्यांची लीद, धूळ व पाऊस यांचा जो लेप बसे, त्यावर मोटारी आडव्या जात. या आडवें जाण्याची इतकी दहशत बसली होती कीं, 1904 सालीं इंग्लंडांतील ऑटोमोबाइल क्लबानें घसरण रोखणाऱ्या साधनांची स्वतंत्र चांचणीच घेतली. चाकावर चढवावयाचे चामड्याचे पट्टे, त्यांत ठोकलेले पोलादी खिळे, अशीं तीं साधनें होतीं. त्याच सालीं अमेरिकेंत हॅरी वीड नांवाच्या गृहस्थानें चाकांभोंवतीं गुंडाळावयाच्या सांखळ्यांचें पेटंट घेतलें. 1908 मध्यें फायरस्टोन कंपनीनें टायरच्या पृष्ठभागावरच ‘घसरत नाहीं’ अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें उंचावून कोरलीं. अक्षरांच्या कडा रस्ता धरीत आणि मातीच्या रस्त्यावरून गेलें तर मागें जाहिरातहि छापली जाई. व्यापारी बुद्धीचें हें कौतुक करावें तेवढें थोडें.

टायर सुधारला तरी ब्रेक मागेंच राहिले. आणि हें शब्दशः खरें आहे, कारण त्या काळीं बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागच्या चाकांस असत. नगरच्या रणगाडा संग्रहालयांत (तें 1994 सालीं उघडलें) रोल्स-रॉइस कंपनीची जुनी चिलखती मोटार उभी आहे. ती ज्या सिल्व्हर घोस्ट जातीच्या सांगाड्यावर बांधलेली, त्या जातीला पुढच्या चाकांचे ब्रेक 1920 नंतरच्या दशकांतच मिळाले. चार टनांहून अधिक वजनाचें तें धूड ओल्या सडकेवर हांकणाऱ्या शिपायाची कल्पना करून पाहावी. ब्रेक जोरानें दाबला कीं मागचीं चाकें अडतात. अडलेलें चाक बाजूला सरकण्यास विरोध करीत नाहीं. म्हणून मोटारीचा मागचा भाग पुढच्याला वळसा घालूं पाहतो आणि गाडी गरकन् फिरते. यांत त्या शिपायाच्या ताब्यांत काय होतें? ब्रेक त्यानें दाबला हें खरें. पण ब्रेक कोठें बसवावयाचे हें इंग्लंडांतील कारखान्यांत ठरलें होतें.

तिसरा भागीदार म्हणजे सडक. चातुर्मासाची सुटी मोटारीला मान्य नव्हती. तिला बारमाही रस्ता पाहिजे होता, आणि असा रस्ता बांधावयाचा पैसा प्रांतांजवळ नव्हता. या प्रश्नाचा अखिल भारतीय विचार प्रथम झाला तो एका महाराष्ट्रीय कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखालीं. 1927 सालीं नेमलेल्या रस्ते-विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. 1928 मध्यें समितीचा अहवाल आला, 1929 मध्यें पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसवून रस्त्यांसाठीं निराळा निधि काढण्यांत आला, आणि 1934 च्या डिसेंबरांत इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था जन्मास आली. जयकरांचें नांव आपण विद्यापीठाच्या संदर्भांत घेतों. प्रत्येक डांबरी रस्त्यावर त्यांचें थोडें ऋण आहे, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाहीं.

डांबर आलें, धूळ गेली, चिखलहि पुष्कळ गेला. पण एक नवा दोष आला. खडीचा जुना रस्ता खडबडीत होता, पाणी खडीच्या सांध्यांत उतरे आणि मोटारीचा वेगहि बेताचा असे. डांबरी रस्त्यावर वेग वाढला आणि पाणी वरच राहूं लागलें. त्यांतून खडी बेसाल्टाची. हा आपला काळा दगड कठीण खरा, पण लक्षावधि चाकांखालीं घासून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि मग ओला झाला कीं धरवत नाहीं. जुन्या घाटांतील किंवा देवळांतील झिजलेल्या पायऱ्यांवर पावसाळ्यांत ज्यानें पाय ठेवला आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको. रस्त्याला मध्यापासून दोन्ही बाजूंस उतार ठेवणें, पाण्याला गटार देणें, वरचा थर वेळींच बदलणें, हीं सगळीं कामें मोटारचालकाच्या दृष्टीआड होतात किंवा होत नाहींत. आणि तीं झालीं नाहींत म्हणजे त्याचा हिशेब सडकेवर होतो.

राज्य परिवहनाची पहिली एस. टी. गाडी पुणें–अहमदनगर मार्गावर धांवली तो दिवस 1 जून 1948. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांचीं नांवें त्या निमित्तानें इतिहासांत राहिलीं. तारीख मुद्दाम पावसाच्या तोंडावर धरली नसेल, पण त्या तारखेंत एक अर्थ आहे. ज्या महिन्यांत आमचे पूर्वज प्रवास आटोपते घेत, त्या महिन्यांत सरकारनें प्रवासाचें वचन द्यावयास आरंभ केला. पुढच्या पाऊणशें वर्षांत तें वचन जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांत पोंचलें. नगरहून कल्याणकडे माळशेज घाटांतून, पाथर्डीकडे करंजी घाटांतून, औरंगाबादेकडे इमामपूर घाटांतून. तें पाळण्याचा भार मात्र बहुतेक चालकाच्या दोन हातांवर राहिला.

आतां त्या हातांकडे वळूं. घसरणाऱ्या मोटारीला सांवरण्याची एक विद्या आहे, आणि ती ज्यानें प्रथम शोधली त्याचें नांव कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. ती समजण्यासाठीं थोडें गणित पाहिजे. मोटारीचें एकेक चाक जमिनीला टेकतें तें सुमारें तळहाताएवढ्या जागेंत. या चार तळहातांवर सगळी मदार. वेग घेणें, थांबणें आणि वळणें हीं तिन्ही कामें त्याच जागेंतील घर्षणावर चालतात आणि घर्षण मोजकें असतें. सगळें थांबण्यांत खर्च केलें तर वळण्यासाठीं कांहीं उरत नाहीं. कोरड्या डांबरी सडकेवर घर्षणाचा गुणक 0.7 धरला, तर ताशीं 60 किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारें 20 मीटरांत थांबते. ओल्या सडकेवर गुणक 0.4 झाला कीं त्याच मोटारीला 35 मीटर लागतात. वेग दुप्पट झाला कीं हें अंतर चौपट. शिवाय डोळ्यांनीं पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा काळ यांत धरलेलाच नाहीं.

मागचीं चाकें सुटलीं म्हणजे मोटारीचें शेपूट एका बाजूस निघतें. अशा वेळीं ब्रेकवरचा पाय काढावा, ॲक्सिलरेटर हळूच सैल करावा, आणि शेपूट ज्या बाजूला निघालें त्याच बाजूला सुकाणूचें चाक फिरवावें. ऐकणाऱ्याला हें विपरीत वाटतें. पण तसें केल्यानें पुढचीं चाकें मोटार ज्या दिशेनें खरोखर चालली आहे त्या दिशेला येतात, पुन्हा फिरूं लागतात आणि रस्ता धरतात. एवढ्यानें भागत नाहीं. धरलेल्या चाकांनीं मोटार झटक्यानें सरळ होते व त्याच ओघांत दुसरीकडे फेकली जाते. त्या क्षणीं सुकाणू परत सरळ केलें नाहीं, तर दुसरी घसरण पहिलीहून भयंकर होते. कित्येक नवशिके पहिली घसरण सांवरतात आणि दुसरींत सांपडतात. पुढचीं चाकें सुटलीं तर प्रकार निराळा. मोटार वळतच नाहीं, सरळ वाहवत जाते. चालक सुकाणू अधिकाधिक फिरवितो आणि तें अधिकाधिक निरुपयोगी होतें. तेथें सुकाणू किंचित् सरळ करून, पाय सैल सोडून, चाकांना पुन्हा फिरण्याची सवड द्यावी लागते.

दोन्ही प्रसंगीं करावयाचें तें भ्यालेल्या मनुष्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. भीति वाटली कीं मुठी आवळतात आणि पाय ताठ होतो. घोड्याच्या पाठीवर लगाम खेंचण्याची जी शतकांची संवय, तीच ब्रेकवर उतरते. ओल्या सडकेवर गेलेला ताबा परत पाहिजे असेल, तर हातांत जो उरला आहे असें वाटतें तोहि क्षणभर सोडावा लागतो. आणि हें पुस्तकांत वाचून जमत नाहीं, रिकाम्या मैदानांत पाणी शिंपडून पुन्हा पुन्हा करून पाहिल्यानेंच जमतें. आमच्याकडे वाहन चालविण्याचा परवाना देतांना इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो, हें प्रसिद्ध आहे. तो आकडा कोरड्या जमिनीवर, सावकाश वेगानें काढावयाचा असतो.

नगरच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. शहर पर्जन्यछायेंत, वर्षाकाठीं पाऊस पांच-सहाशें मिलिमीटर. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यांत घाटघर-रतनवाडीकडे, तो कित्येक हजार मिलिमीटर पडतो. साध्या तर्कानें पाहतां घाटघरचा रस्ता अधिक घातक व सावेडीचा निर्धोक वाटावा. परंतु फार दिवसांनीं पडणारा पाऊस हाच अधिक निसरडा असतो. कोरड्या आठवड्यांत सडकेवर तेलाचे थेंब, टायरांची झीज, धूळ आणि शेतांतून आलेल्या चाकांची काळी माती सांचत राहते. पहिल्या सरींत तिचा लेप होतो आणि जोराचा पाऊस झाल्यावरच तो धुतला जातो. अमेरिकेंतील पंचवीस वर्षांच्या अपघातांचा अभ्यास 2004 सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतहि हेंच आढळलें : मागचा पाऊस होऊन जितके अधिक दिवस गेलेले, तितका नव्या पावसाचा दिवस अधिक अपघातांचा. कमी पावसाच्या प्रदेशांत प्रत्येक सर बहुधा पहिल्या सरीसारखी येते, आणि चालकाला संवय होण्याच्या आंत पाऊस उघडतो.

घसरण्याचा एक प्रकार तर असा आहे कीं त्यांत हातांच्या विद्येला फारसें स्थानच नाहीं. 1963 सालीं अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेंतील वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनीं विमानांच्या चाकांवरील प्रयोगांवरून दाखवून दिलें कीं, सांचलेल्या पाण्यावरून विशिष्ट वेगानें गेलें असतां टायर पाण्याला बाजूला सारूं शकत नाहीं; पाण्याची पाचर चाकाखालीं शिरते आणि चाक उचलून धरते. त्यांचें सूत्र सोपें आहे. टायरांतील हवेचा दर चौरस इंचास पौंडांतील दाब घ्यावा, त्याचें वर्गमूळ काढावें आणि 10.35 नें गुणावें. ताशीं इतक्या मैलांना चाक तरंगूं लागतें. दाब 30 पौंड असेल तर हा वेग निघतो सुमारें 91 किलोमीटर. हवा कमी होऊन 20 पौंड राहिली असेल तर अवघा 75. टायरच्या खांचा खोल असल्या तर पाणी त्यांतून निघून जातें आणि संकट टळतें. म्हणून मोटारींच्या टायरांत निदान 1.6 मिलिमीटर खोलीची खांच उरलेली असली पाहिजे असा आपल्या मोटार-नियमांत दंडक आहे. त्याच डबक्यावरून भरलेली जड बस निर्वेध जाते आणि मागून येणारी हलकी मोटार तरंगते याचें कारणहि यांतच आहे : बसच्या टायरांतील दाब कितीतरी अधिक असतो. कोपरगांवावरून जाणाऱ्या समृद्धि महामार्गावर मोटारींना ताशीं 120 किलोमीटरपर्यंत मुभा आहे. ही मुभा कोरड्या दिवसाची आहे, हें वरच्या आकड्याशीं ताडून पाहणाऱ्यास दिसेल. तरंगणाऱ्या मोटारींत सुकाणू हलकें लागतें, इतकें हलकें कीं तें हातांत असूनहि नसल्यासारखें. तेथें ब्रेक नाहीं, वळण नाहीं. पाय सैल सोडून चाकें पुन्हा जमिनीला टेकण्याची वाट पाहावयाची.

मनुष्याच्या हाताला जें साधत नाहीं तें यंत्राकडून करवून घेण्याची कल्पना यांतूनच बळावली. अनुभवी चालक ओल्या सडकेवर ब्रेक एकदम न दाबतां दाबून-सोडून, दाबून-सोडून लावीत, म्हणजे चाक अडण्याच्या बेतांत आलें कीं सुटे. हेंच काम सेकंदांत अनेक वेळां करणारें साधन आधीं विमानांत आलें आणि 1978 मध्यें बॉश व मर्सिडीज-बेंझ यांनीं तें विद्युत्-यंत्रणेच्या साहाय्यानें विक्रीच्या मोटारींत आणलें. त्यालाच आज सर्वजण ए.बी.एस. म्हणतात. 1995 मध्यें त्याच्या पुढची पायरी आली : मोटार सुकाणूच्या दिशेपासून ढळूं लागली कीं यंत्र स्वतः एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला परत आणतें. शेपूट निघालें म्हणजे काय करावें, हें ज्ञान आतां चालकाच्या मनगटांतून डबींत गेलें.

येथें नगरचा संबंध पुन्हा येतो. वाहनांशीं या शहराचें नातें लष्करामुळें जडलें. चिलखती दळाचें केंद्र व शाळा, यांत्रिक पायदळाचें केंद्र, आणि संरक्षण-संशोधन संघटनेची वाहन-संशोधन संस्था हीं तिन्ही येथें आहेत. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 126 व्या नियमानें ज्या मोजक्या संस्थांना नव्या वाहनांचा नमुना तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे, त्यांत पुण्याच्या संस्थांबरोबर नगरच्या या संस्थेचेंहि नांव आहे. ब्रेकांची अशी तपासणी केवळ चांगल्या रस्त्यावर होत नाहीं. ए.बी.एस.साठीं घर्षणाचा गुणक 0.3 किंवा त्याहून कमी असलेला पृष्ठभाग लागतो. एका बाजूचीं चाकें निसरड्यावर आणि दुसऱ्या बाजूचीं कोरड्यावर ठेवूनहि पाहावें लागतें. असा पृष्ठभाग मुद्दाम तयार करावयाचा, तर जगांतील अनेक चांचणी-मार्गांवर कोणता पदार्थ वापरतात? बेसाल्टाच्या घोटलेल्या फरश्या, वर पाणी सोडून. ज्या दगडावर आमचे किल्ले, देवळें आणि सडका उभ्या, तोच ओला झाला कीं निसरडेपणाचें माप ठरतो!

2018 च्या एप्रिलापासून नव्या जातींच्या आणि 2019 च्या एप्रिलापासून सर्व नव्या मोटारींना भारतांत ए.बी.एस. सक्तीचें झालें. ही सुधारणा मोठी आहे, पण तिचें एक मानवी अंग विसरतां येत नाहीं. 1980 नंतरच्या दशकांत म्युनिक शहरांतील टॅक्सींचा अभ्यास झाला. कांहीं टॅक्सींना हें साधन होतें, कांहींना नव्हतें. साधन असलेल्या टॅक्सींचे अपघात अपेक्षेप्रमाणें घटले नाहींत, कारण त्यांचे चालक अधिक बेधडक वळणें घेऊं लागले होते. यंत्रानें वांचविलेलें घर्षण त्यांनीं वेगांत खर्चून टाकलें. यंत्र घर्षण निर्माण करूं शकत नाहीं. आहे तेवढें नीट वांटून देतें. झिजलेला टायर आणि तुंबलेलें गटार यांच्यापुढें तेंहि हतबल.

मग दोष कोणाचा? कायद्यानें याचें उत्तर फार जुन्या काळीं देऊन ठेवलें. 1860 च्या दंडसंहितेंतील 279 वें कलम बेदरकारपणें वा हयगयीनें वाहन हांकण्यास शिक्षा सांगतें. तें लिहिलें गेलें तेव्हां वाहन म्हणजे घोड्याची किंवा बैलाची गाडी होती. हयगयीनें मृत्यु घडविण्याचें 304-अ कलम 1870 मध्यें जोडलें गेलें. 2024 सालीं नवी न्यायसंहिता आली, कलमांचे अंक बदलले, शब्द बहुतांशीं तेच राहिले. बैलगाडीच्या गाडीवानाला लावावयाची कसोटी आपण अशा वाहनाला लावीत आहों कीं ज्याचें थांबणें चार निरनिराळ्या ठिकाणीं ठरतें.

इंग्लंडांतील न्यायाधीशांचीहि या प्रश्नावर एकवाक्यता झाली नाहीं. 1942 सालीं तेथील अपील न्यायालयानें म्हटलें कीं, गाडी घसरली एवढ्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. घसरण हयगयीनें झालेली असेल किंवा नसेल. 1965 मध्यें दुसऱ्या एका न्यायाधीशानें उलट मत दिलें : ज्या जोरदार घसरणीचा खुलासा देतां येत नाहीं, ती स्वतःच हयगयीचा पुरावा होय. आपल्याकडे 1960 सालीं नागपुराहून पांढुर्ण्याकडे जाणारी एक मोटार झाडावर आदळली. 1977 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या खटल्यांत, अशी घटनाच स्वतः बोलते, खुलासा करण्याचा भार मोटारीच्या बाजूवर आहे, असें ठरविलें. मृताच्या कुटुंबाच्या दृष्टीनें हा निर्णय न्याय्य होता, कारण मोटारीच्या आंत काय घडलें हें त्यांनीं कोठून सिद्ध करावें? नुकसानभरपाईसाठीं ही कसोटी योग्यच. मात्र हीच कसोटी वृत्तपत्रांत आणि चावडीवर आली म्हणजे तिचें रूप पालटतें : भरपाई कोणीं द्यावी याचें उत्तर तें अपघात कां झाला याचें उत्तर होऊन बसतें.

2019 सालीं मोटार वाहन कायद्यांत 198-अ हें कलम घालण्यांत आलें. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें न झाल्यानें मृत्यु वा अपंगत्व आलें, तर त्या कामाला जबाबदार असणारा अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांस एक लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. चालकाला कारागृह आणि ठेकेदाराला दंड, ही विषमता उघड आहे. तरी कायद्याच्या ग्रंथांत सडकेचें नांव आरोपींच्या यादींत आलें, हेंहि कांहीं थोडें नव्हे. टायरचेंहि तसेंच. 2022 मध्यें ओल्या सडकेवरील पकडीचें किमान प्रमाण नव्या टायरांना लागू करणारा नियम निघाला. म्हणजे टायर, ब्रेक, सडक आणि मनुष्य, या चौघांनाहि प्रश्न विचारण्याची सोय आतां झाली आहे.

प्रश्न विचारले जातात कीं नाहीं हें पंचनाम्यावर अवलंबून. 2021 च्या सुमारास अपघातांची एकत्रित नोंद ठेवणारी जी संगणक-व्यवस्था देशांत सुरू झाली, तिच्या पहिल्या प्रयोगासाठीं निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. तिच्या रचनेप्रमाणें अपघाताची नोंद पोलिसानें केली कीं सूचना रस्त्याच्या अभियंत्याकडे व परिवहन खात्याकडेहि जाते आणि त्यांनीं आपापलें टिपण जोडावयाचें असतें. सावेडीच्या रस्त्यावर पहिल्या सरीनंतर एखादी मोटार आडवी गेली, तर तिच्या टायरची खांच किती मिलिमीटर उरली होती, हवेचा दाब किती होता, पाणी कोणत्या बाजूला तुंबलें होतें आणि वरचा थर शेवटचा केव्हां घातला होता, हीं चार मापें घेण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागूं नये. तीं पाऊस उघडण्याच्या आंत घ्यावीं लागतात. ऊन पडलें कीं सडक कोरडी होते, आणि तिच्यावर राहतो तो फक्त चाकांचा काळा ओरखडा.